भोंगाबाईची शिट्टी

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे भोंगा म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा राग नव्हता. आवाजच तसा होता. तीन धुलाईयंत्रं एकदम फिरायला लागली की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा हातवारे करून बोलावं लागे. पण भोंगाबाईने गाणं सुरू केलं की ते यंत्रांच्या डोक्यावरून जायचं, वाळवणीच्या खोलीतून फिरायचं आणि जिना चढून वरच्या चौकशीच्या खिडकीपर्यंत पोचायचं. तिथला कारकून घड्याळाकडे न बघताच म्हणायचा, "आठ वाजले. भोंगा झाला."

ती काहीही गायची. प्रार्थनाघरातली गाणी गायची, सिनेमातली गायची, आईने कधीकाळी म्हटलेल्या अंगाईचे उरलेसुरले तुकडे गायची. शब्द आठवला नाही तर अडून बसणाऱ्यातली ती नव्हती. समोरच्या चादरीवर वॉर्डाचा शिक्का असायचा, तोच चालीत बसवायची. "पुरुष विभाग, खाट चौदा" हे शब्द तिने इतक्या आर्त सुरात म्हटले होते की इस्त्रीच्या तापलेल्या रोलरच्या पलीकडच्या टोकाला चादर ओढून घेणारी तिची जोडीदारीण, जाड भिंगांच्या चष्म्यामुळे जिला सगळे ढापणी म्हणायचे, ती एकदा खरोखर रडली होती.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नवरा शहराच्या बसवर ड्रायव्हर. दिवसभर शेकडो माणसं पाठीशी घेऊन फिरणारा हा माणूस स्वतः इतका कमी बोलायचा की जणू प्रत्येक शब्दाला तिकीट फाडावं लागतं. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे कान हळूहळू जात चालले होते, जीभ मात्र ठणठणीत होती. आणि लेक चिमणी, अठरा वर्षांची, कॉलेजात शिकणारी. लोक काय म्हणतील, या एकाच प्रश्नाने तिची झोप उडायची.

दर रविवारी सकाळी हे चौघं बस डेपोच्या मागच्या गल्लीतल्या प्रार्थनाघरात जायचे. पत्र्याच्या छताचा लांबट हॉल, जमिनीवर हिरवी जाजमं, दोन पंखे, त्यातला एक फिरणारा. चाळीस-पन्नास माणसं जमायची. पेटीवर मास्तर बसायचे. त्यांनी एका शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं होतं आणि तीस वर्षं या हॉलमधलं गाणं सांभाळलं होतं, दोन्ही सारख्याच कडक शिस्तीत. पहिल्या रांगेत डावीकडे भोंगाबाई. देवाकडे तिने फारसं कधी काही मागितलं नाही. ढापणीने एकदा विचारलं, "तू प्रार्थनेत म्हणतेस तरी काय गं?" तर म्हणाली, "काही नाही. मी गाते, तो ऐकतो. दोघांचं बरं चाललंय."

मग तिच्या गळ्यावर गाठ आली.

आधी लिंबाएवढी होती. "अंगावर काढू नकोस," ढापणी म्हणाली. भोंगाबाईने अर्थातच अंगावर काढलं. गिळताना अडायला लागलं तेव्हा ती वरच्या मजल्यावर गेली, ज्या खाटांच्या चादरी ती इतकी वर्षं कडक करून पाठवत होती त्यातल्याच एका खाटेवर झोपली, आणि चादरीला एक सुरकुती आहे म्हणून नर्सला बोलून घेतलं. ते तिचं त्या आवाजातलं शेवटचं बोलणं. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, गाठीत वाईट काही नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि तोंडातून नुसती हवा आली. सायकलच्या ट्यूबमधून येते तशी.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. गळ्यात आवाजाच्या दोन पट्ट्या असतात, त्या एकमेकींना भेटल्या की आवाज होतो. एका पट्टीची नस दुखावली होती, ती जागची हलत नव्हती. असं कधी कधी होतं, आधी सांगितलंही होतं, सहीच्या कागदावर लिहिलेलंही होतं. "सहा महिने, वर्ष वाट बघू. परत येतो कधी कधी."

"आणि नाही आला तर?" तिने फुसफुसत विचारलं.

"तर असं बोलता येईल. गाणं कठीण आहे."

घरी आल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला, "जीव वाचला हे काय कमी आहे?" पहिल्या चौघांना तिने मान हलवून हो म्हटलं. पाचवी आली शेजारीण. तिने वर जोडून दिलं, "आणि खरं सांगू, आता जरा शांत वाटतं जिन्यात." भोंगाबाईने तिच्या हातातला अर्धा प्यालेला चहाचा कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. घसा बसला होता, स्वभाव जागेवर होता.

घरात मात्र फजिती झाली. सुनेला बोलता येईना, सासूला ऐकू येईना. पूर्वी ही तिसऱ्या मजल्यावरून ओरडली तरी खाली बसलेल्या सासूबाईंना ऐकू जायचं. अख्ख्या घरात त्यांना धड ऐकू येणारा तो एकच आवाज होता. आता ही कानाशी जाऊन फुसफुसायची आणि त्या म्हणायच्या, "कानात वारा काय घालतेस?" मध्ये चिमणी निरोप्या. "आजी, आई विचारतेय औषध घेतलंस का?" "तिला सांग, तिने दिलं तर घेईन." "आई, आजी म्हणतेय..." "मला येतं ऐकू. तिला सांग, उशाशी ठेवलंय." असं दिवसभर. भांडण असलं की आणखी पंचाईत, कारण भोंगाबाईच्या रागातले खास शब्द चिमणी गाळून सांगायची.

एक दिवस सासूबाई लेकाला म्हणाल्या, "ही हल्ली माझ्याशी भांडत नाही. दुसरं काही दुखणं तर नाही ना?"

महिन्याभराने ती कामावर गेली. यंत्रं तशीच घरघरत होती, वाफ तशीच होती. बायकांनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती तिने ढकलून दिली. आठ वाजले. रोलरवरून पहिली चादर गेली आणि सगळ्याजणी खाली बघत काम करायला लागल्या. त्या दिवशी तिला कळलं की यंत्रांचा आवाज खरा किती मोठा आहे.

रविवारी ती प्रार्थनाघरात आपल्या जागेवर उभी राहिली. गाणं सुरू झालं, तिनेही तोंड उघडलं. घशातून जे निघालं ते तिचं तिलाच दारावर पत्रा घासल्यासारखं वाटलं. पण ती थांबली नाही. चारही कडवी तशीच म्हटली. शेजारची बाई एक पाऊल सरकली.

प्रार्थना संपल्यावर मास्तर तिच्याजवळ आले. वाईट माणूस नव्हता. हळू आवाजात, डोळ्यांत खरंच कणव आणून म्हणाले, "बाई, तुमच्या घशाला त्रास कशाला? तुम्ही मागच्या रांगेत बसा. आणि नुसते ओठ हलवा. भावना महत्त्वाची."

"देवाला ओठ दाखवायला येते का मी?" ती फुसफुसली.

"काय म्हणालात?"

ती वळून बाहेर आली. नवऱ्याने स्कूटर चालू केली होती, मागे जाऊन बसली. घरी येईपर्यंत तिने त्याच्या शर्टाची पाठ मुठीत इतकी घट्ट धरली होती की उतरल्यावर तिथे चुण्या राहिल्या. त्याने शर्ट काढून बघितला, खुंटीला अडकवला. पण त्या दिवशी दुपारी तो झोपला नाही. तिच्यासमोर बसून भाजी निवडत राहिला. भाजी निवडायचं त्याला काहीच कळत नव्हतं. चांगली पानं कचऱ्यात आणि देठ पातेल्यात. तिने ते पातेलं बघितलं आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं. तशीच शिजवली.

पुढचे तीन महिने दर रविवारी ती मागच्या रांगेत बसली. तिचे ओठ हलले नाहीत.

आणि मग एका मंगळवारी बोट भाजलं. रोलरमधून चादरीचा कोपरा दुमडून चालला होता, तो सरळ करायला गेली आणि उजव्या हाताची तर्जनी तापलेल्या पत्र्याला टेकली. ओरडायची सोय नव्हतीच. बोट तोंडाशी नेलं आणि जोरात फुंकर घातली. फुंकरीतून एक बारीक, धारदार आवाज निघाला.

ढापणीने मान वर केली. "कुणी वाजवलं?"

भोंगाबाई बोटाकडे बघत उभी राहिली. मग पुन्हा ओठ जुळवले आणि फुंकलं. हवाच आली. पुन्हा. हवा. जीभ जरा मागे घेतली, दाताला टेकवली, आणि आवाज आला. तोच.

शिट्टी तिला येत होती. म्हणजे कधीतरी येत होती. आठ-नऊ वर्षांची असताना थोरल्या भावाने शिकवली होती. दोघं बहीणभाऊ छपरावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शिट्ट्या मारायचे, आणि माणूस वर बघायच्या आत आडवे व्हायचे. वडिलांनी पकडलं तेव्हा भावाला सांगितलं, "खाली ये, जेवायची वेळ झाली." आणि तिच्या कानाखाली आवाज काढला. "बाईच्या जातीने शिट्टी वाजवायची नसते." त्यानंतर तिने ओठांचा तसा चंबू कधी केला नव्हता. आता वय एक्कावन्न. वडील नव्हते, भाऊ लांब होता, आणि त्या शिट्टीला गळ्यातल्या त्या दोन पट्ट्या लागतच नव्हत्या. नुसती हवा लागत होती, आणि हवा तर तिच्याकडे हवी तेवढी होती.

आठवडाभर ती फुंकत राहिली. आधी दोन सूर आले, मग चार. ओठ सुजले, रात्री त्यांना तूप चोळून झोपायची. श्वास पुरायचा नाही, ओळ मध्येच तुटायची. तिथे श्वास चोरून घ्यायला शिकली. दहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता रोलरवर पहिली चादर चढली आणि भोंगाबाईने प्रार्थनेतलं एक अख्खं गाणं शिट्टीवर वाजवलं. यंत्रांचा आवाज जाड होता, शिट्टी बारीक. सुईसारखी आरपार निघून गेली. जिना चढून वर गेली. खिडकीतला कारकून पळत खाली आला आणि दारातच थांबला.

"अरे, भोंगा परत चालू झाला!" तो म्हणाला, आणि ढापणीने ओल्या टॉवेलाने डोळे पुसायच्या भानगडीत चष्मा धुवून काढला.

मुकादमाला हे पसंत पडलं नाही. गाणं त्याने बावीस वर्षं चालवून घेतलं होतं, पण शिट्टी म्हणजे काय? तो तिसऱ्या दिवशी रोलरपाशी आला. "हे हॉस्पिटल आहे. बरं दिसतं का बायकांनी शिट्ट्या मारणं?"

भोंगाबाईने वाजवायचं थांबवलं आणि त्याला जवळ बोलावलं. कुजबुज ऐकायला त्याला वाकावं लागलं, त्यामुळे निम्मा रुबाब तिथेच गेला. "साहेब," ती म्हणाली, "तुमचा तो बॉयलर वाफ सोडताना रोज बोंबलतो. त्याला सांगितलंत का, बरं दिसत नाही म्हणून?"

"ते यंत्र आहे."

"मग मलाही यंत्र समजा. इतकी वर्षं समजतच होतात."

बायका खो खो हसल्या. मुकादमाने वर तक्रार करतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आठ वाजता तिने सुरू केलं तेव्हा ढापणीनेही ओठांचा चंबू केला, मग वाळवणीतल्या दोघींनी. एकीलाही धड येत नव्हती. निम्म्या नुसत्या थुंकत होत्या. पण तक्रार करायची तर आता सगळ्या धुलाईखान्याचीच करावी लागली असती, आणि चादरी कोणी इस्त्री केल्या असत्या? मुकादम मूग गिळून बसला.

घरची लढाई वेगळी होती. "आई, प्लीज," चिमणी म्हणाली, "खिडकी तरी लाव. खालचे मुलगे वर बघतात."

"बघू देत. बघून मान दुखली की थांबतील."

"माझ्या मैत्रिणी विचारतात, तुमच्याकडे कोण शिट्ट्या मारतं."

"सांग, माझी आई."

चिमणी रडकुंडीला येऊन आतल्या खोलीत गेली. भोंगाबाई पुन्हा वाजवायला लागली, तेवढ्यात पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "काय गं, हे गाणं माझ्या लग्नात नव्हतं का वाजलं?"

दोघी मायलेकी वळून बघायला लागल्या. सासूबाई पाय हलवत बसल्या होत्या. शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचेपर्यंत विरघळून जायचे, पण शिट्टीत शब्द नव्हतेच. सूर तेवढा होता, आणि तो सरळ आत जात होता. भोंगाबाईने पुन्हा वाजवलं. सासूबाईंनी ताल धरला, चुकीचा धरला, पण धरला. "हां, हेच. त्या दिवशी वाजवणाऱ्याला ताप होता," त्या म्हणाल्या. "तू बरी वाजवतेस." चोवीस वर्षांत सुनेला त्यांनी बरी म्हटल्याची ती पहिली खेप.

त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा घरात म्हातारी फर्माईश करत होती आणि सून वाजवत होती. तो बूट न काढता उंबऱ्यावरच बसला आणि गाणं संपेपर्यंत उठला नाही. चिमणीने वैतागून त्याला सांगितलं, "बाबा, तुम्ही तरी सांगा तिला." तो म्हणाला, "दुसरं कडवं पुन्हा वाजव."

रविवारी भोंगाबाई प्रार्थनाघरात गेली आणि मागच्या रांगेत न जाता पहिल्या रांगेत, डावीकडे, आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मास्तरांनी बघितलं. पेटी सुरू झाली. पहिली ओळ लोकांनी म्हटली. दुसऱ्या ओळीला तिने ओठ जुळवले.

हॉलमध्ये चाळीस डोकी एकदम वळली. मागे बसलेलं कुणाचं तरी लहान पोर आनंदाने किंचाळलं. मास्तरांची बोटं पेटीवर थिजली, गाणं पायरी चुकल्यासारखं धडपडून बंद पडलं. शिट्टी तेवढी पुढे गेली, ओळ पुरी करून थांबली.

"बाई!" मास्तर म्हणाले. "हे प्रार्थनाघर आहे. शिट्ट्या वाजवतात ती नाक्यावरची टवाळ पोरं."

"गायला आवाज नाही," ती म्हणाली. हॉल इतका शांत होता की कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "आहे ते आणलं."

"देवासमोर शोभतं का?"

"बासरी चालते ना देवासमोर? तीही फुंकूनच वाजते. मधे बांबू घातला की हवा पवित्र होते का?"

कुणीतरी हसू दाबलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेटी मिटली आणि उरलेली प्रार्थना त्या दिवशी गाण्याशिवाय, नुसती वाचून झाली.

नवरा सासूबाईंना स्कूटरवर घेऊन पुढे गेला होता. मागून पायी घरी जाताना चिमणी दहा पावलं पुढे चालत होती, आपण यांच्यातले नाहीच अशी. भोंगाबाईला ते लागलं. मास्तरांचं लागलं नव्हतं इतकं लागलं. पण तिने हाक मारली नाही. मारली असती तरी पोचली नसती.

मंगळवारी प्रार्थनाघराच्या समितीतले दोघं जण डेपोत नवऱ्याला गाठायला आले. बस उभी होती, तो स्टिअरिंगवर डबा ठेवून जेवत होता. "तुम्ही समजूतदार माणूस," ते म्हणाले. "बायकोला जरा वळवा."

तो घास चावून संपवेपर्यंत थांबला. "मी बस वळवतो," म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.

त्याने घरी हे सांगितलंच नाही. त्याच इमारतीत राहणाऱ्या त्याच्या कंडक्टरने सांगितलं, दुसऱ्या दिवशी, जिन्यात चिमणीला, मिटक्या मारत. चिमणीने वर येऊन आईला सांगितलं. सांगताना तिच्या चेहऱ्यावर नेमकं काय होतं ते भोंगाबाईला कळलं नाही, पण खिडकी लाव असं ती त्यानंतर म्हणाली नाही.

पुढचे सहा रविवार ती आणि मास्तर यांच्यात जे चाललं ते हॉलमधल्या निम्म्या लोकांना कळलंही नसेल. कारण बोलाचाली काहीच नव्हती. लढाई सगळी सुरांत. मास्तरांनी गाणी खालच्या पट्टीत सुरू केली. शिट्टी इतकी खाली उतरत नाही हे त्यांना बरोबर माहीत होतं. तिने तेच सूर वरच्या सप्तकात वाजवले, आणि ते आणखीच ठणठणीत ऐकू आले. मग त्यांनी लय वाढवली, तिचा श्वास पुरू नये म्हणून. तिने एक ओळ सोडून एक ओळ वाजवली. मग ते मध्येच थांबून बघायला लागले. ते थांबले की ती एकटी पुढे जायची, आणि सासूबाई, ज्यांना पेटी चालू आहे की बंद याचा पत्ताच नव्हता, मोठमोठ्याने टाळ्या वाजवून ताल द्यायच्या. चुकीचाच.

दोन कुटुंबं यायची बंद झाली. "हा तमाशा बघायला येतो का आम्ही?" असं एकाने दारातच सुनावलं. समितीने चिठ्ठी पाठवली की मागे चपलांपाशी बसून जे करायचं ते करावं. तिने त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून पाठवलं, "चपलांना गाणं कळत नाही." रात्री मात्र तिने नवऱ्याला विचारलं, "मी अती करतेय का?"

"हो," तो म्हणाला.

"मग थांबू?"

"मी कुठे म्हटलं?"

याच दिवसांत डॉक्टरांची तारीख आली. गळ्यात नळी घालून त्यांनी बघितलं. ती पट्टी अजून तशीच होती. आता हलेल असं वाटत नाही, ते म्हणाले. पुढे एखादी सुई देऊन बोलणं थोडं सुधारता येईल. तिला वाटलं होतं, हे ऐकून आपण कोसळू. ती खाली तळघरात गेली, हात धुतले, रोलरपाशी उभी राहिली. ढापणीने भुवयांनीच विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. मग दोघींनी मिळून एकशे चाळीस चादरी काढल्या आणि भोंगाबाईने त्या सगळ्या वेळात एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही.

सातव्या रविवारी मास्तर हरले, आणि हरले ते स्वतःच्याच स्वभावापुढे.

गाणं त्यांनीच बसवलेलं, सगळ्यांच्या तोंडचं. तिसऱ्या ओळीत एक सूर चढून पुन्हा खाली येतो. तिथे भोंगाबाईचा श्वास संपत आलेला असायचा आणि तो सूर केसभर उतरायचा. दर आठवड्याला. गाणाऱ्यांच्या लक्षातही येत नव्हतं. पण ज्या माणसाने सगळी उमर पोरांच्या वह्यांत लाल पेन्सिल फिरवली त्याला ते सहन होणं शक्य नव्हतं. सहा आठवडे त्यांनी दात ओठ खाऊन सोसलं. सातव्या रविवारी तो सूर पडला आणि मास्तरांनी पेटीवर हात आपटला.

"थांबा!"

सगळे थांबले. आता पुन्हा रणधुमाळी, म्हणून लोक सावरून बसले.

"तिसऱ्या ओळीत तुमचा सूर पडतो," मास्तर म्हणाले.

भोंगाबाईने कमरेवर हात ठेवले. "पडतो तर उचला."

मास्तरांनी पेटी जवळ ओढली. मग त्यांनी भाता दाबला आणि एक पट्टी धरून ठेवली. तोच सूर, नेमका. "श्वास दुसऱ्या ओळीच्या मध्ये घ्या," ते म्हणाले, वर्गात बोलतात त्या आवाजात. "शेवटी नाही. मध्ये. म्हणजे पुरेल. हां, घ्या."

हा माणूस आपल्याला शिकवतोय, हे तिच्या डोक्यात शिरायला एक क्षण लागला. शिरलं, आणि तिने ओठ जुळवायला घेतले, तर जुळेचनात. तोंड कानापर्यंत पसरत होतं. तिने पुन्हा चंबू केला, पुन्हा फिसकटला. नुसती हवा. पहिल्या रांगेत कुणीतरी फुस्सकन हसलं, त्याबरोबर तिलाच हसू आवरेना. हसत्या तोंडाने शिट्टी वाजत नाही ही गोष्ट तिला इतके दिवस कळायचं कारणच नव्हतं. इतके दिवस ती इथे रागातच वाजवत होती.

"अहो, कुणीतरी मला राग आणा," ती डोळे पुसत म्हणाली.

"काय म्हणतेय?" सासूबाईंनी विचारलं.

चिमणी वाकली आणि आजीच्या कानात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ओरडली, "आजी, आईला राग आण! तिला शिट्टी वाजवायचीय!"

सासूबाईंनी एक क्षणही वाया घालवला नाही. "सकाळचा चहा पाणचट होता तुझा," त्या म्हणाल्या. "आणि काल भाजीत देठं होती."

भोंगाबाईच्या कपाळावर आठी चढली. ओठ एकत्र आले. मास्तर पेटीवर सूर धरूनच बसले होते, त्यात तिने आपला मिसळला, आणि ओळ सुरू झाली. लोक गायला लागले. ड्रायव्हर, जो या हॉलमध्ये इतक्या वर्षांत नुसता उभा राहत आला होता, तोही काहीतरी पुटपुटत होता.

तिसऱ्या ओळीत सूर पुन्हा केसभर पडला.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

त्या दिवशी सगळ्या हॉलने ती एक ओळ पाच वेळा म्हटली, आणि प्रार्थना अर्धा तास उशिरा सुटली.